तीन कोटी सूर्य, चूकभूल द्यावी घ्यावी

४ जानेवारी

आजपासून रोजनिशी. पुढेमागे कुणी या मोजणीचा इतिहास लिहायला बसलाच, तर त्याची अडचण व्हायला नको.

विभागप्रमुखबाईंनी परवानगी दिली. त्यांची परवानगी म्हणजे चष्म्यावरून एक नजर आणि "बरं" हा एक शब्द. डोंगरावरची लहान दुर्बीण मला चार महिने रोज वीस मिनिटं मिळणार. तिथले ऑपरेटर फोटो काढून सकाळी मेलनं पाठवणार. पंधरा मेला समिती बसेल. तोपर्यंत माझ्या दीर्घिकेच्या पोटातल्या कृष्णविवराचं वस्तुमान हातात आलं तर नोकरीला तीन वर्षांची मुदतवाढ, नाही आलं तर जूनपासून मी घरी. बाई असं म्हणाल्या नाहीत. "पंधरा मेला बघू," एवढंच म्हणाल्या. पण त्यांचं 'बघू' मी सात वर्षं ऐकतोय, मला त्याचा अर्थ कळतो.

संध्याकाळी बायकोला समजावून सांगितलं. कृष्णविवर दिसत नाही, पण त्यात पडणारा माल तापून लखलखतो, आणि तो उजेड कमीजास्त होत राहतो. त्याच्याभोवती बऱ्याच लांबून गॅसचे ढग फिरतात. मधला उजेड वाढला की काही दिवसांनी ढगही उजळतात. दरीत हाक मारली आणि साद किती वेळानं परत आली ते मोजलं, की पलीकडचा कडा किती लांब आहे ते कळतं, तसंच हे. ढग किती वेगानं पळतात ते आधीच मोजलेलं आहे. किती लांब आहेत ते कळलं की त्यांना धरून ठेवणारं मध्ये किती जड बसलंय, ते निघतं.

बायको वजनमाप निरीक्षक आहे. दिवसभर दुकानादुकानांतून काटे तपासत हिंडते, कोण किलोमागे वीस ग्रॅम मारतो ते पकडते. तिची पितळी वजनांची पेटी आमच्या फ्रिजवर असते, आत निळी मखमल. एकाच घरात एक माणूस पाव किलो तपासतो आणि दुसरा कोट्यवधी सूर्य, याची मला कधीकधी गंमत वाटते. बोलून दाखवत नाही. तिला वाईट वाटायचं.

सगळं ऐकून ती म्हणाली, "आणि काटा कुठला?"

म्हटलं, काटा नसतो, उजेड मोजायचा असतो.

"मग उजेडाचा काटा कुठला?"

म्हटलं, त्याच फोटोत शेजारी एक तारा घ्यायचा आणि त्याच्या तुलनेत दीर्घिका आज किती उजळ आहे ते बघायचं.

"तो तारा तपासलेला आहे?"

मला हसूच आलं. म्हटलं, "अगं, तारा आहे तो, दुकानदार नाही."

९ जानेवारी

पहिले फोटो आले. रोज दोन: एक मधल्या उजेडाचा, एक ढगांच्या उजेडाचा. चौकटीत कामाचे तारे तीनच. एक इतका झगझगीत की फोटोत नुसता पांढरा डाग. दुसरा अगदी काठावर, निम्म्या दिवशी अर्धा कापला जाणार. तिसरा मात्र दीर्घिकेच्या शेजारीच, मध्यम, शांत, सोज्वळ. पाहताक्षणी पसंत पडला. त्यालाच आधारतारा नेमला.

ऑपरेटरच्या मेलमध्ये खाली एक ओळ होती: "आकाश बरं होतं, माझी पाठ नव्हती. एकाच ताऱ्यावर भिस्त ठेवू नका." पाठीबद्दल सहानुभूती कळवली आणि बाकीच्याबद्दल "आभारी आहे" असं लिहिलं. वीस वर्षं दुर्बीण फिरवली की माणसाला आपण शास्त्रज्ञ आहोत असं वाटायला लागतं.

२५ जानेवारी

रविवार, म्हणजे आईचा फोन.

"किती भरलं?"

"आई, अजून चार महिने आहेत. आणि वजन नाही, वस्तुमान."

"तेच ते. शेजारच्यांना सांगून ठेवलंय मी मेमध्ये कळेल म्हणून. साधारण किती असेल?"

म्हटलं, दोन-चार कोटी सूर्य. आई म्हणाली, "आणि तू जेवतोयस ना वेळेवर?"

१२ फेब्रुवारी

दीर्घिका हलायला लागली. तीन दिवसांत पाच टक्के वर. कार्यालयात खुर्चीवरून उठून दोनदा बसलो. सांगायला कुणी नव्हतं. बायको दोन दिवस बाहेरगावी गेली आहे. तिची वजनंही म्हणे दर दोन वर्षांनी तपासून घ्यावी लागतात. तिकडे मुख्य प्रयोगशाळा आहे, तिथे त्यांच्याहून वरची वजनं असतात. मी विचारलं होतं, मग त्या वरच्यांना कोण तपासतं, तर म्हणाली, "त्यांच्याही वरचे. मनानं खरं कुणालाच धरायचं नाही, हीच तर नोकरी आहे."

नव्या चपला घालून गेली, कोरी करकरीत फाइल घेऊन. एवढं नटूनथटून वजनांना न्यायचं काय कारण, जणू मुलाखतच आहे त्यांची.

१५ फेब्रुवारी

बायको परत आली. खुशीत होती. काहीतरी सांगायला लागली, तेवढ्यात सकाळचा मेल आला.

३ मार्च

आलेख दृष्ट लागण्यासारखा होतोय. वर, खाली, पुन्हा वर. घरी कागद सापडेना तेव्हा वजनांच्या पेटीखालचं एक तपकिरी पाकीट ओढलं, आत तिच्या खात्याचं काही परिपत्रक होतं. पाकिटाच्या कोऱ्या बाजूवर मधल्या उजेडाचा आलेख काढून फ्रिजच्या दाराला चिकटवला. रोज एक ठिपका वाढवायचा असं ठरवलं. बायको बराच वेळ फ्रिजसमोर उभी राहून बघत होती. तिलाही गोडी लागतेय असं दिसतं.

१९ मार्च

बायकोनं केस कापून घेतले. मला चार दिवसांनी कळलं, असं तिचं म्हणणं. माझ्या मते दोन.

हल्ली संध्याकाळी जाडजूड फाइली वाचत बसते. आज मध्येच विचारलं, "तुला हे काम दुसऱ्या गावी बसून करता येईल का रे?"

फारच चांगला प्रश्न होता. म्हटलं, कुठूनही करता येईल, नुसतं इंटरनेट हवं, दुर्बीण तरी माझ्याजवळ कुठे आहे. मग फोटो डोंगरावरून खाली कसे येतात, त्यातली धूळ कशी काढतात, कॅमेऱ्याचे खराब ठिपके कसे ओळखतात, हे सगळं व्यवस्थित सांगितलं. अर्धा तास गेला असेल. ती "बरं" म्हणाली आणि दिवा मालवला. तिच्यात आणि प्रमुखबाईंच्यात हल्ली काही फरक राहिलेला नाही.

२० एप्रिल

आज दोन्ही आलेख, मधल्या उजेडाचा आणि ढगांचा, एकावर एक ठेवले. आता एकाला बाजूला सरकवत न्यायचं आणि किती दिवस सरकवल्यावर तो दुसऱ्यावर तंतोतंत बसतो ते बघायचं. तेवढ्या दिवसांनी साद आली.

न सरकवताच बसला.

पुन्हा केलं. आठ वेळा केलं. हाक आणि साद एकाच क्षणी. म्हणजे अंतर शून्य. म्हणजे वस्तुमान शून्य. विश्वातलं सर्वांत जड प्रकरण मी मोजायला घेतलं आणि त्याचं वजन भरलं काहीच नाही.

आईला काय सांगू?

२३ एप्रिल

शक्यता एक: ढग कृष्णविवराला चिकटूनच आहेत. अशक्य, केव्हाच आत गेले असते.

शक्यता दोन: आजवरचं भौतिकशास्त्र चुकलेलं आहे. जपून बोलायला हवं, पण हा विचार मनातून जाता जात नाही. तसं असेल तर तीन वर्षांची मुदतवाढ ही फारच किरकोळ गोष्ट होईल.

प्रमुखबाई जिन्यात भेटल्या. "काय निघालं?"

म्हटलं, "अनपेक्षित आहे."

"पंधरा मेला बघू," म्हणाल्या.

२८ एप्रिल

आज सकाळी न्हाणीघरातल्या काट्यावर माझं वजन दोन किलोनं वाढलेलं. मी घरात तसं जाहीर केलं नाही. पण माझ्यानंतर बायको काट्यावर उभी राहिली आणि ओरडली, तिचंही दोन किलोनं वाढलेलं. मग मात्र माझा जीव भांड्यात पडला. दोन वेगळी माणसं, वेगळं खाणं, वेगळी अंगकाठी, आणि एकाच सकाळी दोघंही सारखीच फुगतात, असं कधी होतं का? दोष आमच्यात नाही, काट्यात आहे, हे शेंबडं पोरही सांगेल. बायकोनं पेटीतली वजनं ठेवून पाहिली, तर तीही फुगलेली. पाय गार पडतात म्हणून मी काल काट्याखाली जाड पायपुसणं घातलं होतं, तो त्याचा प्रताप. पायपुसणं काढलं, दोघं पूर्ववत.

दीर्घिकेच्या बाबतीत मात्र असं सरळ उत्तर नसतं. दिवसभर विचार करून डोकं भणभणलं.

१ मे

भूक नाही. झोप नाही. अर्ज पाठवायला दोन संस्थांचे पत्ते काढले, दोन्हींनी 'किमान एक मोजणी पूर्ण केलेली असावी' अशी अट घातलेली. वय विचारलंय तिथे माझं वय लिहिलं आणि बराच वेळ त्या आकड्याकडे बघत बसलो. सेहेचाळीस. या वयात मी काटे तपासायलासुद्धा लागू शकणार नाही, त्याला परीक्षा असते म्हणे.

भीती वाटते. लिहून टाकलं.

४ मे

सगळं बायकोला सांगितलं. जूनपासून घरी बसावं लागेल, हेसुद्धा. ती रागावली नाही. म्हणाली, "दाखव."

लॅपटॉपवर दोन्ही आलेख दाखवले. तिनं चहाचा कप खाली ठेवला.

"ही रेघ कशाशी तुलना करून?"

"आधारताऱ्याशी."

"आणि ही?"

"त्याच्याशीच."

ती माझ्याकडे बघत राहिली. इतक्या मायेनं तिनं अलीकडे माझ्याकडे पाहिलेलं नव्हतं.

"पायपुसणं," ती म्हणाली.

मला कळायला अर्धं मिनिट लागलं. मग कान तापले. दीर्घिका वर गेलीच नव्हती. तारा खाली गेला होता. तारा मंद झाला की त्याच्या तुलनेत दोन्ही उजेड एकदम वर, तारा उजळला की दोन्ही एकदम खाली. चार महिने मी त्या शांत, सोज्वळ कार्ट्याची नाडी मोजत होतो.

"पहिल्याच दिवशी विचारलं होतं मी," ती म्हणाली.

मी जेवायला बसलो नाही. मग बसलो.

५ मे

ऑपरेटरला मेल: तो तारा बदलता असू शकेल का? तासाभरात उत्तर: "हे मी नऊ जानेवारीला लिहिलं होतं. तुम्ही आभार मानलेत. पाठ आता बरी आहे."

आता सगळी मदार काठावरच्या ताऱ्यावर. तो एकशे दहापैकी एकेचाळीस दिवसच पुरता चौकटीत आहे. पण आहे. आणि त्याच्यावर मी नुसता विश्वास ठेवलेला नाही. ऑपरेटरनी आपल्या जुन्या फोटोंतून वीस वर्षांचा त्याचा हिशोब काढून दिला. गडी एका जागी आहे.

११ मे

सहा दिवस डोळ्याला डोळा नाही. रोजनिशी लिहायची कुठून.

निघालं. फेब्रुवारीच्या शेवटी दीर्घिका खरोखरच एकदा उजळली होती, थोडीशीच, आणि ढग उजळले त्यानंतर सोळा दिवसांनी. अकरा असतील, एकवीस असतील, पण शून्य नाहीत. सोळा दिवसांची साद. मी खोलीत एकटाच हसलो आणि मग डोळ्यांत पाणी आलं, कुणी बघत नव्हतं म्हणून पुसलंही नाही.

वस्तुमान: तीन कोटी सूर्य. कमीजास्त दोन कोटी.

घरी येऊन बायकोला सांगितलं. तिनं हातातली पिशवीसुद्धा खाली ठेवली नाही.

"तीन कोटीत दोन कोटींची चूक?"

"आमच्यात चालतं."

"असला काटा मी जागच्या जागी जप्त केला असता."

मग मी खरं तेही सांगितलं: ढगांचा गोल आहे की चकती ते कळत नाही, म्हणून शेवटी सगळे मिळून एका ठरलेल्या आकड्यानं गुणतात. ती म्हणाली, "म्हणजे पारड्यावर दाबलेला अंगठा. फक्त सगळ्यांचा मिळून एकच." पण ती हसत होती, आणि मीही हसलो, बऱ्याच दिवसांनी.

१५ मे

समिती. पाच माणसं, सहा पाण्याचे पेले. मी आधी चूकच सांगितली, मग आकडा. शून्य आलं होतं म्हटल्यावर एक सभासद पेन्सिलीशी खेळायचे थांबले.

प्रमुखबाई म्हणाल्या, "तारा बदलतोय हे पकडलं कुणी?"

खरं तर 'आढळून आलं' असं वाक्य मी तयार करून नेलं होतं. पण म्हटलं, "बायकोनं. ती वजनमाप निरीक्षक आहे. तिनं पहिल्याच दिवशी विचारलं होतं, मी हसलो."

बाई हसल्या. सात वर्षांत पहिल्यांदा. "तीन नाही, एक वर्ष देते," म्हणाल्या. "एकेचाळीस दिवसांवर तीन वर्षं कशी देणार. आणि पुढच्या वेळी आधी त्यांना दाखवून या."

आईला फोन केला. तीन कोटी ऐकून खूश झाली. दोन कोटींचं सांगितलं नाही. शेजारी पोचेपर्यंत तेवढं वाढणारच आहे.

१६ मे

सुट्टी. तो चुकीचा आलेख फ्रिजवरून उतरवला, आठवण म्हणून वहीत ठेवावा म्हटलं. पाकीट जाड लागलं म्हणून आत पाहिलं. परिपत्रक नव्हतं, पत्र होतं. बायकोच्या नावचं. मुख्य प्रयोगशाळेच्या प्रमुखपदी निवड झाल्याचं. जिथे सगळ्यांची वजनं तपासायला जातात, तिथल्या सगळ्यांत वरच्या वजनांची ती राखणदार. गाव इथून गाडीनं एका दिवसावर. होकार वीस मेपर्यंत कळवावा.

तारीख होती सव्वीस फेब्रुवारी. म्हणजे अडीच महिने ते पत्र फ्रिजच्या दारावर होतं, आणि त्याच्या पाठीवर मी रोज एक ठिपका काढत होतो.

ती बाजारात गेली होती. मी ही वही पहिल्यापासून वाचून काढली, माझी पानं सोडून फक्त तिच्याबद्दलच्या ओळी. बारा फेब्रुवारी, नव्या चपला आणि करकरीत फाइल. पंधरा फेब्रुवारी, काहीतरी सांगायला लागली. तीन मार्च, फ्रिजसमोर बराच वेळ उभी. एकोणीस मार्च, केस, फाइली, दुसऱ्या गावी बसून करता येईल का रे. एकही नोंद चुकलेली नाही. सगळं मीच टिपलंय, माझ्याच अक्षरात. नुसतं तिला जागची हलत नाही असं धरून बाकीचं मोजत बसलो.

लाज वाटली. अजूनही वाटतेय.

ती आली तेव्हा पत्र टेबलावर उघडं ठेवलं होतं. पिशवी हातातच धरून तिनं ते बघितलं, मग मला.

"बोलली का नाहीस?"

"तुझी नोकरी अशी टांगलेली. पंधरा मे होऊ दे म्हटलं." ती कांदे एकेक करून टोपलीत टाकायला लागली. "आणि नाही म्हणून कळवायचं तर चार दिवस आहेत अजून."

"मला कुठूनही करता येतं," मी म्हटलं. "नुसतं इंटरनेट लागतं."

"माहीत आहे. अर्धा तास सांगितलंयस."

"कधी रुजू व्हायचंय?"

ती कांदा हातात धरून खिडकीबाहेर बघत राहिली. तोंड फिरवलेलं होतं, पण कापलेल्या केसांमुळे गाल दिसत होता आणि तो हसायला लागलेला होता. उत्तर यायला बराच वेळ लागला. किती लागला ते मी मोजलं नाही.